दोन नावांची नोंद

४ मे १९८८

गुंडेराव सरांनी आज केबिनमध्ये बोलावलं. ते आमचे विभागप्रमुख. गेली नऊ वर्षं दर जूनला माझ्या नेमणुकीचा कागद त्यांच्याच सहीनं निघतो: तात्पुरत्या अध्यापिका, एका वर्षाकरिता. म्हणाले, "नलिनीबाई, जानेवारीत कायम जागेच्या मुलाखती आहेत. तुमच्या शिकवण्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण नावावर एक तरी छापील काम लागतं. ते नसेल तर अर्ज छाननीतच बाजूला पडतो. आणि पुढच्या वेळी तुम्ही वयात बसणार नाही."

चव्वेचाळीस. आकडा त्यांनी उच्चारला नाही, एवढा सभ्यपणा.

काम मात्र त्यांनीच सुचवलं. बोअर कुठं मारावी हे सांगणारा प्रोग्राम मी दोन वर्षं लिहितेय, लिस्प भाषेत. सगळा नियमांचा: माती कुठली, खडक किती खाली, शेजारच्या विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का. बंगळूरच्या एका संस्थेकडे पाण्याच्या खोलीचं गणित करणारी लायब्ररी आहे, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, ती सी भाषेत. नियम माझ्याकडे, गणित त्यांच्याकडे, आणि दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. मध्ये दुभाषा हवा. तोही असा, की आमच्या काचेच्या खोलीतल्या मोठ्या यंत्रावर चालेल आणि औरादच्या, चिटगुप्प्याच्या कचेरीतल्या छोट्या पीसीवरही, वापरणाऱ्यानं एक अक्षर न बदलता.

बीदरमध्ये दुभाष्याचं कौतुक कुणाला? इथली भाजीवाली तीन भाषांत भाव सांगते.

पण छापील अहवाल निघेल, त्यावर माझं नाव असेल. मला एवढंच पाहिजे.

११ मे

आठवडाभर नुसते कागद. दोन्ही घरांच्या रीती निराळ्या. शब्द कुठं संपला हे कळावं म्हणून सी शेवटी शून्य ठेवते. लिस्प अक्षरं आधीच मोजून ठेवते. सीचा आकडा मोठ्या यंत्रावर बत्तीस खणांचा, पीसीवर सोळाच. लिस्प आपल्या प्रत्येक वस्तूला खूण बांधते, हा आकडा, हा शब्द, ही यादी. ती खूण न सोडता पलीकडे पाठवलं तर सी भलताच अर्थ लावून मोकळी होते.

मी ठरवलंय, यंत्रायंत्रांतले फरक एका कोपऱ्यात बंद करायचे. वापरणाऱ्यानं फक्त एक नोंद लिहायची: पलीकडच्या फंक्शनचं तिकडचं नाव हे, आपल्याकडचं हे, ते काय घेतं, काय देतं. सांधायचं काम माझा प्रोग्राम त्या त्या यंत्राप्रमाणे करील.

एक अडचण आली. सीमध्ये एका नावाचं एकच फंक्शन चालतं. त्यांच्या लायब्ररीत 'उघड', 'वाच', 'मिटव' अशा अर्थाची साधी नावं आहेत आणि माझीही तीच. जोडायला गेलं की यंत्र अडून बसतं. कुणीतरी नाव बदलायला हवं, आणि ते नंतर आलेल्यानं.

हे मला कुणी शिकवायला नको. १९६६ साली लग्न ठरलं तेव्हा मी मालती अच्युतराव निर्णेकर होते. आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं, नावही मालती. एका घरात दोन मालती कशा? ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'नलिनी' असं लिहिलं आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले.

माझ्या सगळ्या फंक्शनांच्या पुढं 'निर्णा' जोडलं. माझं गाव. आता यंत्र भांडत नाही.

३० मे

आराखड्याचं टिपण टाइप केलं. नऊ पानं, खाली कार्बन. एक प्रत गुंडेराव सरांमार्फत बंगळूरला, एक माझ्याजवळ.

खाली सही कुठली करावी? पदवीच्या कागदावर मालती निर्णेकर आहे, कॉलेजच्या सेवापुस्तकात नलिनी श्रीपतराव औरादकर. टिपण गणिताचं, आणि गणित मला अप्पांनी, माझ्या वडिलांनी, शिकवलं, निर्ण्याच्या शाळेच्या भिंतीवर कोळशानं. त्यांनी ठेवलेल्या नावानं सही केली. बावीस वर्षांनी. 'म'चं वळण चुकलं.

१७ जून

चाललं! लिस्पमध्ये बसून सीच्या घरातलं वर्गमूळ मागितलं. एकशे चव्वेचाळीस दिले, बारा परत आले. बारा काय, शाळेतलं पोरही सांगेल. पण हे बारा पलीकडून आले होते.

खोलीत सांगायला कुणी नव्हतं. दारात मायाप्पा होता. तो आमचा प्रयोगशाळेचा परिचर. काचेच्या खोलीत धूळ चालत नाही, म्हणून तो प्रत्येकाच्या चपला काढून घेतो आणि हातात पत्र्याचा बिल्ला देतो. प्राचार्यांनाही सोडत नाही.

"मायाप्पा, इकडं या. बघा, बारा आले."

त्यानं पडद्याकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं. "येतीलच की बाई. अजून धा मिनिटं हायेत."

खूप हसले. कितीतरी दिवसांनी.

२ जुलै

जयतीर्थ आला होता. आमच्या पहिल्या तुकडीतला विद्यार्थी, आता बंगळूरच्या त्याच संस्थेत. आत्याबाईंना तो फार आवडतो. त्यांनी स्वतः उठून शेंगाची पोळी वाढली. "खा रे, तिकडं भातच भात मिळत असेल."

त्यानं सगळं चालवून पाहिलं. मग म्हणाला, "अक्का, हे आमच्याकडं चौघांना सहा महिन्यांत जमलं नाही." मला काय वाटलं ते लिहीत नाही.

त्याला एक प्रत हवी होती, तिकडच्या यंत्रावर चालवून बघायला. "तिसऱ्या यंत्रावर चाललं तर अहवालाला वजन येईल, अक्का." बरोबर आहे. पण त्याच्याजवळ फ्लॉपी एकच आणि माझं काम दीड फ्लॉपीचं. तोच म्हणाला, "टिपा काढून टाका की. यंत्राला टिपांचं काय?" ओळीओळीला मी लिहिलेल्या टिपा, हे असं का केलं, इथं काय चुकू शकतं. त्या गाळणारा सहा ओळींचा प्रोग्राम मीच लिहून दिला. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर माझं नाव आणि तारीख होती, तीही टीपच, तीही गळाली. असू दे. माझ्या प्रतीत आहेच. एका फ्लॉपीत सगळं नीट बसलं.

जाताना वाकून नमस्कार केला. "नावाचं मी बघतो, अक्का," म्हणाला. मी विचारलंही नव्हतं. गुणी मुलगा.

२६ जुलै

जयतीर्थाचं पत्र. त्यांच्या यंत्रावर सुरळीत चाललं. अहवाल तो लिहितोय, म्हणजे मला टायपिंगचा त्रास नको. पहिलं पान संस्थेच्या ठरलेल्या नमुन्यात असतं, नावं शेवटी घालतात, असं लिहिलंय. गाळलेल्या टिपांपैकी महत्त्वाच्या तेवढ्या वेगळ्या कागदावर मागितल्यात. काल दिवसभर बसून अकरा पानं लिहिली, आज रजिस्टरनं पाठवली.

हे म्हणाले, "सगळंच कशाला लिहून देतेस?" ह्यांना प्रत्येकात लबाड कारकून दिसतो.

९ सप्टेंबर

औरादला जाऊन आले. तिथल्या कचेरीतल्या पीसीवर पहिली चाचणी. पहिली वीस गावं बरोबर. मग कागदावर उमटलं: निर्णा, पाणी दोनशे दहा फुटांवर.

निर्ण्याला दोनशे दहा? आमच्या अंगणातल्या आडाला हातभर दोर पुरायचा. आकडे ताडून पाहिले. ते चिटगुप्प्याचे होते. गणित अचूक, फक्त वर नाव दुसऱ्याचं.

पुन्हा चालवलं. या वेळी दुसऱ्याच दोन गावांची अदलाबदल झाली. तिथला कारकून म्हणाला, "बाई, तुमच्या मशिनीला कन्नड गावं आवडायली न्हाईत का मराठी?"

परतीच्या बसमध्ये संतपूरच्या पुढं दोष कळला. लिस्पचं घर भरलं की ती आवराआवर करते, लागणाऱ्या सगळ्या वस्तू उचलून दुसऱ्या अर्ध्या भागात मांडते. मी गावाचं नाव कुठं ठेवलंय तो पत्ता सीला दिला होता. सीनं तो जपून ठेवला. दरम्यान नाव तिथून हललं, त्या जागी दुसरं गाव येऊन बसलं, आणि सी जुन्याच पत्त्यावरून नाव वाचत राहिली. मोठ्या यंत्रात जागा इतकी की आवराआवरीची वेळच येत नाही, म्हणून तिथं दिसलं नाही. पीसीवर दर चार मिनिटांनी येते.

चूक माझी आहे, आराखड्याचीच. सापडली हे बरं.

१२ सप्टेंबर

आज काचेच्या खोलीत शिरताना चपला काढल्या, बिल्ला सतरा. दुपारी बाहेर आले तर चपला जागेवर नव्हत्या. मायाप्पानं सतरा नंबर ऐकून फडताळाच्या मागून काढून दिल्या.

"मागं कशाला ठेवल्या?"

"ऊन आलं व्हतं बाई. सकाळपून तीनदा हलविल्या. चपला कुटंबी जाऊ द्या, बिल्ला तुमच्यापाशी हाय न्हवं? जागा म्या ध्यानात ठिवतो. तुमी कामून ठिवायची?"

मी तशीच अनवाणी आत परत गेले.

सीला पत्ता द्यायचाच नाही. बिल्ला द्यायचा, नुसता आकडा. कुठला आकडा म्हणजे कुठली वस्तू याचं फडताळ लिस्पच्या ताब्यात. वस्तू हवी तितकी हलू दे, लिस्प फडताळातला पत्ता बदलत राहील. सीला लागलं की तिनं बिल्ला दाखवून मागायचं, काम झालं की बिल्ला परत करायचा. कुठल्याही यंत्रावर चालेल, कारण आकडा सगळ्यांना कळतो.

१९ सप्टेंबर

औरादच्या पीसीवर तीनशे गावं तपासली. एकही चूक नाही.

दुरुस्तीचं टिपण जयतीर्थाला पाठवलं, चार पानं, कार्बन माझ्याकडं. सही पहिल्या टिपणासारखीच. मायाप्पाला सांगितलं, तुमच्या चपलांवरून हे सुचलं. खूश झाला.

"मग त्यात माजं नाव टाकलाव का?"

मी हसले. म्हटलं, "तसल्या कागदात नावं घालत नाहीत, मायाप्पा."

"व्हय, व्हय," म्हणाला आणि पुसायचं फडकं घेऊन आत गेला.

१० ऑक्टोबर

जयतीर्थाचं कार्ड. 'अक्का, आता बदल नकोत. प्रात्यक्षिकाची तारीख ठरली. बिल्ल्यांमुळं वेग कमी होतो. आमच्या यंत्रावर दोष दिसत नाही. पुढच्या आवृत्तीत पाहू.'

दिसत नाही हे खरंच आहे. तरी उलट टपाली लिहिलं, निदान पीसीवर तरी जुनं घालू नका. घाईत असेल बिचारा.

३ डिसेंबर

अहवाल आला. निळं कव्हर, चौसष्ट पानं, गुळगुळीत कागद. कव्हरवर जयतीर्थाचं नाव. वाटलं, आत असेल. पहिल्या पानावर त्याच्या संचालकांचं. शेवटून पाहिलं. आभारात एक ओळ: 'बीदर येथील महाविद्यालयाच्या कर्मचारिवर्गाचे सहकार्य लाभले.'

वाचायला बसले. माझी वाक्यं आहेत. अकरा पानं टिपांची जशीच्या तशी, 'इथं काय चुकू शकतं' हे सोडून. प्रत्येक फंक्शनच्या पुढं 'निर्णा' आहे. ते काढलं असतं तर सगळंच उसवलं असतं, म्हणून राहिलं. तळटीप दिली आहे: 'निर्णा हे त्या भागातील एका खेड्याचे नाव.'

बिल्ले नाहीत. पान एकतीसवर जुना दोष तसाच, सुबक टाइपात.

छापखान्याची चूक असेल असं अर्धा तास मनात धरून होते. लिहूनच ठेवते, म्हणजे पुढं स्वतःची लाज वाटेल.

६ डिसेंबर

कार्बन आणि अहवाल घेऊन गुंडेराव सरांकडं गेले. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचलं. माणूस वाईट नाही. कपाळावर घाम होता.

"हे तुमचंच आहे, मला दिसतंय. पण समितीपुढं काय ठेवू? टिपणावर नाव मालती निर्णेकर. अर्ज नलिनी औरादकरांचा."

"सर, मालती मीच."

"मला माहीत आहे हो. पण कागदाला कुठं माहीत आहे? अॅफिडेव्हिट करा, तहसीलचा दाखला आणा, गॅझेटात छापून घ्या. मग जोडतो."

"किती दिवस लागतात?"

"तीन-चार महिने धरा."

मुलाखत सहा आठवड्यांवर आहे.

"जयतीर्थाला विचारा ना सर. तो सांगेल."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अहवाल इथंही आला, तेव्हाच विचारलं फोनवर. त्याला मालती निर्णेकर या नावाचं कुणी आठवत नाही म्हणाला." मग, "खोटं तरी कसं म्हणायचं? तो तुम्हाला अक्काच म्हणायचा."

१३ डिसेंबर

तहसीलमध्ये तिसरी खेप. लग्नाचा दाखला मागतात. १९६६ साली निर्ण्यात कुणी दाखला काढला होता? लग्नपत्रिका चालेल म्हणाले. पत्रिकेवर 'चि. सौ. कां. मालती' आहे, पण तीच पुढं नलिनी झाली हे कुठं आहे? ते तांदळात होतं.

शेवटी म्हणाले, नाव बदललं त्या वेळी हजर असलेलं वडीलधारं माणूस साक्षीला आणा. म्हणून आज घरी आत्याबाईंना विचारलं. वय अठ्ठ्याहत्तर. ऐकायला कमी येतं, तरी हे त्यांनी लगेच ऐकलं.

"मी सांगते की येऊन. पण माझं नाव काय म्हणून लिहितील?"

"मालतीबाई."

त्या वाटाणे सोलत होत्या. थांबल्या. "तेही इथलंच. माझ्या बाबांनी कुसुम ठेवलेलं. इथं थोरल्या जाऊबाई कुसुम होत्या, म्हणून मग मालती." पुन्हा एक शेंग सोलली. "त्या तर चार महिन्यांत गेल्या, तापानं. पण तोवर सगळ्यांना मालतीची सवय झाली होती."

इतकी वर्षं मला वाटायचं, माझं नाव आत्याबाईंमुळं गेलं. त्यांच्याकडे होतं तेही त्यांचं नव्हतं.

"कुसुमताई म्हणू का आजपासून?" मी म्हटलं.

"चल, काहीतरीच," म्हणाल्या. पण सोललेले वाटाणे परत टरफलांत टाकत होत्या.

१८ जानेवारी १९८९

मुलाखत. दाखला आला नव्हता, येणारही नव्हता. गुंडेराव सरांनी माझा अर्ज छाननीतून कसाबसा पुढं सरकवला, तेवढं त्यांनी केलं.

समितीत तिघे. मधल्यांच्या हातात निळं कव्हर.

"हा अहवाल तुम्ही पाहिलाच असेल. यातली पद्धत तुम्हाला कितपत समजली आहे?"

मी समजावलं. दोन नावांची नोंद, खुणा, आकड्यांचे खण. ते मान हलवत होते. मग म्हटलं, पान एकतीसवर दोष आहे, पीसीवर एका गावाच्या आकड्यांवर दुसऱ्याचं नाव छापलं जाईल, आणि दुरुस्ती माझ्याकडं आहे.

उजवीकडचे हसले. "बाई, छापून आलेल्या कामात चुका काढणं सोपं असतं. तुमचं स्वतःचं काय आहे?"

मी म्हटलं, "हेच." त्यांना वाटलं मी प्रश्न ऐकला नाही. पुन्हा विचारला.

नऊ मिनिटं.

२ फेब्रुवारी

यादी लागली. नाही. नेमणूक जूनपर्यंत आहे.

जयतीर्थाला पत्र लिहायला बसले. 'चि. जयतीर्थास अनेक आशीर्वाद' इथपर्यंत हात आपोआप गेला. तेवढ्यावर फाडलं.

२१ एप्रिल

ह्यांनी बातमी आणली. औराद भागात कॉम्प्युटरच्या कागदावरून तीन बोअर मारल्या, तिन्ही कोरड्या. ज्या गावांना पाणी लागणार होतं तिथं गाडी गेलीच नाही. एका गावात बायांनी ड्रिलच्या गाडीला हळदकुंकू वाहून दिवसभर घागरी रांगेत ठेवल्या होत्या. धुरळा निघाला तशा उचलून घेऊन गेल्या म्हणे.

म्हणजे संस्थेनं पीसीवर माझं पुसून जुनंच घातलं.

माझी चूक माझ्या हातून सुटून तिथं पोचली. मी जानेवारीत दारंखिडक्या वाजवत का फिरले नाही? एकदा, हसत हसत, तिघांना सांगितलं आणि घरी येऊन पिठलं केलं.

२ मे

आज आत्याबाईंच्या उशीखाली एक लांबट सरकारी पाकीट सापडलं. चादर बदलत होते म्हणून. शनिवारी आलेलं.

"हे इथं कसं?"

"पोस्टमननं दिलं. म्हणाला, मालतीबाईंचं. मला कोण लिहील? पण म्हटलं असेल कुणीतरी. तू कामात होतीस." मग हळूच, "वाचून दाखव की."

पाकीट फोडलेलंही नव्हतं. तीन रात्री उशाशी घेऊन झोपल्या होत्या. मी फोडलं. इंग्रजीत होतं. मनात वाचलं.

औरादच्या चुकीची चौकशी लागली आहे. दोष मूळ आराखड्यात असल्याचं आढळलं. आराखड्याचं नऊ पानी टिपण संस्थेच्या फायलीत उपलब्ध आहे. 'सदर टिपणाच्या लेखिका श्रीमती मालती अच्युतराव निर्णेकर ऊर्फ श्रीमती नलिनी श्रीपतराव औरादकर यांनी सात दिवसांत खुलासा करावा.'

ऊर्फ. अॅफिडेव्हिट नाही, गॅझेट नाही, साक्षीदार नाही.

"काय लिहिलंय गं?"

"खुशाली विचारलीय," मी म्हटलं.

"कोणी?"

"माहेरच्यांनी."

उशी सारखी करत म्हणाल्या, "बरं झालं. आठवण आहे म्हणायची."

५ मे

खुलासा कॉलेजात बसून टाइप केला. दोष माझाच, ९ सप्टेंबरला मला सापडला, १९ सप्टेंबरला दुरुस्ती पाठवली, कार्बन सोबत जोडला आहे. खाली दोन्ही सह्या केल्या, एकीखाली एक. 'म'चं वळण या वेळी बरोबर आलं.

गुंडेराव सरांना विचारलं, "सर, नाव दोन आहेत. ह्याला दाखला नको?"

"खुलाशाला कशाला?" ते म्हणाले आणि मग माझ्याकडं बघायचं टाळत शिक्का शोधत बसले.

खुलाशाची त्यांच्या शिक्क्याची एक प्रत मागून घेतली. या सगळ्याची लेखिका मी आहे असं म्हणणारा हा एकच सरकारी कागद. जूननंतर कुठं जोडायचा ते ठाऊक नाही.

दुरुस्तीच्या परिच्छेदात मी एक वाक्य घातलं होतं: 'बिल्ल्याची ही रीत प्रयोगशाळेचे परिचर श्री. मायाप्पा सिद्धाप्पा यांच्याकडून घेतली आहे.' कागद बंद करण्याआधी त्याला वाचून दाखवलं. वाटलं, खूश होईल.

त्याचा चेहरा उतरला. "हा चौकशीचा कागद हाय न्हवं?"

"हो. पण तुमचं कौतुकाचं लिहिलंय."

"कौतुकाचं व्हतं तर तवाच घालायचं व्हतं की बाई. आता कामून घालायलाव? माजी पेन्शन दोन वर्षावर आली. काढा, पाया पडतो."

मी ब्लेडनं ती ओळ खरडली. तो शेजारी उभा राहून बघत होता. खरडून झाल्यावर त्यानं कागद मागून घेतला, खिडकीशी नेला, उजेडात धरून अक्षर राहिलंय का पाहिलं, आणि परत दिला.

निघताना दारात मी मूठ पुढं केली. त्यानं बिल्ला घेतला नाही, नंबरही विचारला नाही. चपला आणून माझ्यासमोर ठेवल्या आणि आत निघून गेला.

सतरा नंबर अजून माझ्याजवळच आहे.